तुमची पत्रं : किनगाइटची चित्रं, दगड आणि ते घडवणारी माणसं

मागच्या अंकात अ‍ॅनी पूटूगूक या इनुइट (कॅनडाच्या उत्तरेकडचे मूळ रहिवासी) चित्रकर्तीच्या एका चित्राबद्दल लिहिलं होतं. घरात जमिनीवर पुठ्ठा पसरलाय, त्याभोवती कुटुंब सीलचं मांस खात बसलंय, असं ते चित्र. सोबत शुविनाई अशुना यांचंही एक चित्र छापलं होतं : हातात पृथ्वी घेतलेली बाई आणि ऑक्टोपस. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देते आहे. मी स्वतः प्रिंट काढणारी, जे. जे.मध्ये शिकलेली आणि आता विनिपेगला राहणारी. त्यामुळे उत्तरांचा ओढा छपाईकडे आणि कागदाकडे जास्त असेल.

तुमचा लेख नववीच्या वर्गात वाचून दाखवला. मुलं म्हणाली, यात इग्लू नाही, अस्वल नाही, कुत्र्यांची गाडी नाही, मग ही त्यांची कला कशी? मला नीट सांगता आलं नाही.
— एक चित्रकला शिक्षक, कोल्हापूर

सर, मुलांना सांगा की अ‍ॅनीने इग्लू काढला नाही कारण ती इग्लूत वाढली नाही. तिचा जन्म १९६९चा. कॅनडाच्या अगदी उत्तरेला, नुनावुतमध्ये, बॅफिन बेटाच्या नैर्ऋत्य टोकाशी एका लहान बेटावर किनगाइट हे गाव आहे. वस्ती दीडएक हजारांच्या आतबाहेर. जुन्या नकाशांत ते केप डॉर्सेट या नावाने सापडेल. २०२० साली किनगाइट हे नाव अधिकृत झालं. अ‍ॅनीच्या लहानपणापर्यंत शिकारीच्या तळांवर विखुरलेली कुटुंबं गावात येऊन राहिली होती. सरकारने बांधलेली लाकडी घरं, शाळा, दुकान, पुढे टीव्ही. काळ्या बारीक पेनाने रेषा आणि रंगीत पेन्सिलींनी भरण, एवढ्या साहित्यावर तिने हे जग कागदावर आणलं. दुकानातला मोठा फ्रीजर आणि त्यापुढे उभी असलेली गिऱ्हाइकं. टीव्हीवर कार्टून बघणारी माणसं. भिंतीवर घड्याळ, कॅलेंडर, क्रूस. आणि त्याच भिंतीखाली जमिनीवर बसून अर्धचंद्राकृती उलूने मांस कापणारी बाई. उलू ही खास बायकांची सुरी. अ‍ॅनीच्या चित्रात ती टीव्हीच्या रिमोटशेजारी निवांत पडलेली असते, कारण त्या घरांत ती तशीच असते.

आता मुलांना तिच्या घरातल्या आणखी दोघींबद्दल सांगा. ते कळलं की त्यांचा प्रश्न आपोआप सुटेल असं मला वाटतं.

तिची आजी पित्सिओलाक अशुना, जन्म १९०४च्या सुमाराचा. सतरा बाळंतपणं झाली, त्यातली सहाच मुलं मोठी झाली. नवरा आजारात लवकर गेला. मुलांना वाढवताना या बाईने उपासमार पाहिली. कागद-पेन्सिल हाती आली तेव्हा पन्नाशी उलटली होती, आणि त्यानंतर १९८३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी सात हजारांहून अधिक रेखाटनं केली. त्यांनी काढलं ते तळांवरचं आयुष्य : कातड्याचे तंबू, उन्हाळ्यात परतणारे पक्षी, सामान लादून चाललेली कुटुंबं. त्यांच्या चित्रांत जगणं आनंदी दिसतं. इतकं सोसलेल्या बाईने ते आनंदी का काढलं, हा प्रश्न माझ्या मनातून कधीच गेलेला नाही.

त्यांची मुलगी नापाची पूटूगूक, जन्म १९३८. यांनी १९९०च्या दशकात वेगळीच वाट धरली. मनाविरुद्ध लावलेली लग्नं, मारझोड, उपासमार असं जे त्यांनी पाहिलं-ऐकलं होतं ते काढलं, आणि कित्येकदा चित्राच्या कडेला इनुइट लिपीत मजकूरही लिहिला. आईने जे कागदावर येऊ दिलं नाही ते मुलीने आणलं. त्यानंतर नात, अ‍ॅनी. तिने फ्रीजरही काढला आणि बायकोवर हात उगारणारा पुरुषही काढला, दोन्ही सारख्याच शांत, स्वच्छ रेषेने.

तिघींपैकी कुणीही दुसरीची नक्कल केली नाही. प्रत्येकीने आपल्या वाट्याचं आयुष्य काढलं. अस्वल आणि इग्लू मागणारी नजर विकत घेणाऱ्याची आहे. ती बाजारातून आली. अ‍ॅनीने २००७च्या सुमाराला आजीच्या चष्म्याचं चित्र काढलं. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा आणि बाकी कोरा कागद. तेवढं एक चित्र वर्गात दाखवा.

अ‍ॅनी पूटूगूक सध्या काय करते? तिच्या नव्या चित्रांबद्दल वाचायला आवडेल.
— एक वाचक, पुणे

अ‍ॅनी हयात नाही. मागच्या लेखात हे मी लिहिलं नव्हतं, कारण तिच्याबद्दलचा प्रत्येक मजकूर तिच्या मृत्यूपासून सुरू होतो आणि चित्रं मागे पडतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

२००६ साली टोरोंटोच्या पॉवर प्लांट या कलादालनात तिचं प्रदर्शन झालं आणि त्याच वर्षी तिला सोबी पुरस्कार मिळाला. पन्नास हजार डॉलर्सचा, तरुण कॅनेडियन कलावंतांसाठी देशातला सर्वांत मोठा. पुढच्या वर्षी जर्मनीत कासेलच्या डॉक्युमेंटा या मोठ्या कलाप्रदर्शनात तिची चित्रं लागली. नंतर ती ओटावाला राहू लागली, आणि तिथली वर्षं फार कठीण गेली : दारू, बेघरपण, रस्त्यावर बसून थोडक्या पैशांत विकलेली रेखाटनं. सप्टेंबर २०१६ मध्ये रिडो नदीत तिचा मृतदेह सापडला. ती सत्तेचाळीस वर्षांची होती. मृत्यूचा उलगडा झाला नाही. त्या बातमीखाली एका पोलीस अधिकाऱ्याने इंटरनेटवर इनुइट लोकांबद्दल वंशद्वेषी शेरे लिहिले आणि त्याबद्दल त्याच्यावर खात्याची कारवाई झाली. ओटावात सँडी हिल भागातल्या एका बागेला आता तिचं नाव आहे.

तिच्यावर लिहिणारे पुष्कळ जण "दोन जगांच्या मधे सापडलेली" असं म्हणतात. मला ते पटत नाही. तिच्या चित्रांत एकच जग आहे, त्यात सीलही आहे आणि टीव्हीही. उत्तरेकडून शहरात आलेल्या इनुइट बाईला घर, उपचार, सुरक्षितता मिळत नाही, हा शहराचा दोष आहे. त्याचं खापर तिच्या मनावर फोडू नये.

मी दगडात काम करतो. इनुइट शिल्पं सगळी सोपस्टोनची असतात म्हणे. एवढ्या मऊ दगडात अस्वल एका पायावर कसं उभं राहतं? हत्यारं कोणती?
— एक शिल्पकार, नाशिक

तुम्ही बरोबर ओळखलंत. खरा सोपस्टोन, म्हणजे शंखजिऱ्याचा दगड, नखाने ओरखडतो. एका पायाचा भार तो घेणार नाही. किनगाइटचे शिल्पकार बहुतेक करून सर्पेंटिनाइट वापरतात. तो बराच कठीण असतो, फिक्या पोपटीपासून जवळपास काळ्यापर्यंत हिरव्याच्या सगळ्या छटांत मिळतो आणि घासला की काचेसारखा चकाकतो. पांढरा संगमरवरही त्या किनाऱ्यावर आहे. बेल्चर बेटांवरच्या सानिकिलुआकमध्ये पट्ट्यापट्ट्यांचा गडद आर्जिलाइट. पश्चिमेला आर्वियातमध्ये करडा, हट्टी दगड. कुठल्या गावचं शिल्प आहे हे जाणकार माणूस दगडावरून सांगतो.

दगड मिळवणं हेच निम्मं काम. किनगाइटची मोठी खाण कांगिक्सुकुटाक या खाडीवर आहे. बर्फ फुटल्यावर उन्हाळ्यात होडीने जायचं, दगड फोडायचा, आणि भरती-ओहोटी सांभाळत लादून आणायचा. खराब हवेत होडी अडकली तर दिवस वाया. वर्षभराचा दगड त्या थोड्या महिन्यांत आणावा लागतो, म्हणून गावात दगडाची टंचाई हा नेहमीचा विषय.

हत्यारांचं म्हणाल तर पूर्वी कुऱ्हाड, करवत, कानस. आता विजेचा ग्राइंडर आणि हिऱ्याची पाती. काम बहुधा उघड्यावर किंवा घराबाहेरच्या प्लायवूडच्या खोपटात, थंडीतसुद्धा, कारण धूळ घरात नको. नाकावर मास्क, अंगावर पांढरा थर. शेवटी कानशी आणि ओला सँडपेपर, जाडसर ते अगदी मऊ. हे घासकाम अनेकदा घरातली दुसरी माणसं करतात, आणि मूर्तीखाली नाव मात्र एकाचंच येतं.

एका पायावरच्या अस्वलाची चाल पाउटा साइला यांची, आणि पुढे नूना पार यांनी ती आपल्या पद्धतीने पुढे नेली. शिल्प म्हणून त्यात पाहण्यासारखं आहे ते वजन कुठून कुठे उतरतं ते. अस्वल बाजारात खपतं म्हणून ते हिणवू नका. पाउटांचं अस्वल जाडजूड, ठेंगणं आणि विलक्षण तोललेलं आहे.

तरी तुम्हाला मी दुसरी दोन नावं शोधायला सांगेन. एक, ओविलू टुनिली (१९४९–२०१४). लहानपणी क्षयामुळे त्यांना घरापासून हजारो किलोमीटर दूर मॅनिटोबातल्या रुग्णालयांत पाठवलं होतं. आईबाप नाहीत, भाषा कळत नाही. मोठेपणी त्यांनी त्या आठवणी दगडात कोरल्या. प्राणी आणि शिकारी विकले जात असताना त्यांनी बायका कोरल्या : रडणाऱ्या, बसलेल्या, उंच टाचांच्या बुटांतल्या, विवस्त्र. दगडात दुःख इतकं अंगाने, खांद्यांच्या वाकण्यातून उतरलेलं मी फार थोड्या ठिकाणी पाहिलंय. दुसरं नाव आर्वियातच्या लुसी टासिओर टुट्स्वीटोक (१९३४–२०१२). त्या दगड जवळजवळ तसाच ठेवायच्या. कडेकडेने चेहरे, फक्त चेहरे, एकमेकांना बिलगलेले. आई आणि मुलं. नाक म्हणजे एक कड, डोळे म्हणजे दोन टोचे. आपण किती जास्त कोरतो, असं त्यांच्या दगडापुढे उभं राहिल्यावर वाटतं.

बाहेरच्या माणसाने कागद आणून दिला आणि कला सुरू झाली, हे आमच्या वारलीसारखंच नाही का?
— एक वाचक, डहाणू

सारखेपणा आहे. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी पाड्यांवर कागद घेऊन गेले आणि जिव्या सोमा म्हशे पुढे आले. त्याआधी तिकडे जेम्स ह्यूस्टन होते. हा कॅनेडियन चित्रकार १९४८ साली उत्तरेला गेला, तिथली लहान कोरीव कामं घेऊन आला, आणि १९४९ मध्ये माँट्रियलला ती विक्रीला ठेवली तेव्हा तीन दिवसांत संपली. पांढऱ्या कोल्ह्याच्या कातड्याचा भाव पडला होता, शिकारी कुटुंबांची ओढाताण होत होती. म्हणून सरकारलाही यात रस वाटला.

छपाईची गोष्ट ह्यूस्टन स्वतः सांगत. ओसुइटोक इपीली हे थोर शिल्पकार सिगारेटच्या दोन पाकिटांवरचा एकच एक खलाशी निरखून म्हणाले, पुन्हा पुन्हा तेच काढताना माणूस कंटाळत असेल. समजावण्यासाठी ह्यूस्टननी ओसुइटोकच्याच कोरलेल्या वॉलरसच्या सुळ्यावर शाई चोळून पातळ कागदावर ठसा घेतला. मग १९५८च्या अखेरीला ते जपानला जाऊन उनइची हिरात्सुकांकडे छपाई शिकून आले, आणि १९५९ साली किनगाइटच्या प्रिंट्सचा पहिला संच बाहेर पडला.

या गोष्टीत ह्यूस्टनना जास्त माप मिळतं असं माझं मत आहे. कला त्यांनी सुरू केली नाही. सुळ्यावर कोरणं होतंच. आणि बायका सीलच्या कातड्याचे गडद-फिके तुकडे कापून जोडायच्या, त्यामुळे ठसठशीत आकार आणि नेमकी कड त्यांच्या हातात आधीच होती. केनोजुआक अशेवाक यांची पहिली प्रिंट, समुद्री शेवाळ खाणारा ससा, त्यांनी कातड्याच्या पिशवीवर केलेल्या नक्षीवरूनच घेतलेली आहे. याच बाईंचं १९६०चं पिसारा फुललेलं घुबड १९७० साली कॅनडाच्या टपाल तिकिटावर आलं.

छापणाऱ्यांची नावं तर कुणी घेतच नाही. इयोला किंग्वात्सिआक, लुक्टा किआत्सुक, इग्यिव्हुडलुक पूटूगूक, काननगिनाक पूटूगूक. चित्र चित्रकर्तीचं, ते दगडावर उतरवून कोरणारा आणि छापणारा वेगळा. दगड म्हणजे बहुधा जुन्या बिलियर्ड टेबलांतली पाटी. त्यावर रोलरने शाई, वर जपानी कागद, आणि मग प्रेसविना हाताने घासून ठसा. एका चित्राच्या पन्नास प्रती निघाल्या की दगडावरचं चित्र पुसून टाकतात. मी अशी प्रिंट जवळून पाहिली आहे, कागद उलटून. मागच्या बाजूला हाताच्या दाबाच्या खुणा स्पष्ट दिसतात. कुठे मनगट थकलं तेही कळतं.

वारलीशी फरक दोन. आपल्याकडे लग्नाचा चौक बायका लिहायच्या आणि कागदावर नाव झालं ते आधी पुरुषांचं. किनगाइटला कागदावर सुरुवातीपासून बायकांचा मोठा वाटा राहिला. दुसरा फरक मला फार मोलाचा वाटतो : वेस्ट बॅफिन सहकारी संस्था. गावकरीच तिचे सभासद. दूध संघात दूध घालावं तसं लोक रेखाटन किंवा शिल्प घेऊन येतात आणि तिथल्या तिथे पैसे नेतात. छापायला निवडली जातात ती वर्षाला थोडीच, पण विकत घेतली जातात ती कितीतरी. १९६०ला आलेले टेरी रायन हे व्यवस्थापक कित्येक दशकं तिथे राहिले आणि टोरोंटोत विक्रीचं दालन उघडलं. मधला व्यापारी वगळला गेला तो यामुळे. वारली चित्रकारांच्या हाती अशी स्वतःची संस्था लवकर आली असती तर साड्यांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर निनावी वारली इतकी पसरली नसती.

चित्रातल्या बाईच्या हातात पृथ्वी का आहे? आणि ऑक्टोपस कशाला?
— इयत्ता सातवी, लातूर

ज्यांनी हे काढलं त्या शुविनाई अशुना १९६१ साली जन्मल्या, म्हणजे तुझ्या आजीच्या वयाच्या असतील. अ‍ॅनी त्यांची आतेबहीण. दोघींची आजी पित्सिओलाकच. शुविनाईंचे वडील कियुगाक मोठे शिल्पकार. आधी त्या काळ्या पेनाने छोटी छोटी चित्रं काढायच्या, उंचावरून पाहिल्यासारखी : खडक, गोटे, गावाची घरं, प्रत्येक दगड वेगळा. पुढे रंग आले, कागद माणसापेक्षा मोठे झाले, आणि त्यांत पृथ्वीचे गोळे, ऑक्टोपसच्या भुजा, अर्धी माणसं-अर्धे प्राणी येऊन गर्दी करू लागले. त्यांना भुताखेतांचे सिनेमे आवडतात. ते सिनेमे, बायबल, लहानपणीचा शिकारीचा तळ आणि आजचं गाव एका कागदावर एकत्र नांदतात. २०२२ साली व्हेनिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या कामाचा खास उल्लेख करून गौरव झाला.

ऑक्टोपस कशाला, याचं एकच उत्तर नाही, आणि ते शोधायची घाईही करू नकोस. त्याच्या भुजा कोणाला धरतायत ते बघ. घाबरवतायत की कुशीत घेतायत? मला वाटतं कुशीत. तुला वेगळं वाटलं तर कळव.

इथे विमानतळावरच्या दुकानांत छोटी अस्वलं स्वस्तात मिळतात. ती खरी का? शिवाय आमच्याकडे सासऱ्यांनी सत्तरच्या दशकात घेतलेला एक दगडी शिकारी आहे. तळाला E7 आणि पुढे आकडे कोरलेत, नाव नाही. त्याचा कर्ता कधीच कळणार नाही का?
— एक वाचक, मिसिसागा (कॅनडा)

आधी स्वस्त अस्वलं. दगडाची भुकटी आणि राळ साच्यात ओतून केलेली पुष्कळ असतात. फळीवरची दोन अस्वलं शेजारी धरून पाहा. नखापर्यंत तंतोतंत सारखी असतील तर साचा. खऱ्या कामाला इग्लूचं चित्र असलेली चिठ्ठी असते. १९५०च्या दशकाच्या अखेरीला कॅनडा सरकारने ही खूण सुरू केली, आणि २०१७ पासून ती इनुइट आर्ट फाउंडेशनकडे आहे. चिठ्ठीवर कलावंताचं नाव आणि गाव बघा, आणि तळाला सही. दुकानदाराला करणाऱ्याचं नाव विचारा. सांगता आलं नाही तर घेऊ नका. भारतात न्यायचं असेल तर दगड किंवा कागदच घ्या. व्हेलचं हाड आणि वॉलरसचा सुळा यांना परवाने लागतात. अमेरिकेत तर १९७२च्या कायद्याने समुद्री सस्तन प्राण्यांच्या वस्तू आणण्यावर बंधनं आहेत.

आता तुमचा शिकारी. तो आकडा निनावी नाही. इनुइट माणसांना आडनावं नसत, म्हणून १९४०च्या दशकात सरकारने प्रत्येकाला क्रमांकाचा बिल्ला दिला. E म्हणजे पूर्वेकडचा, आणि E7 म्हणजे किनगाइट आणि दक्षिण बॅफिनचा भाग. माणसाला आकड्याने हाक मारणारी ही पद्धत फार अपमानाची होती. १९६८ ते १९७१ या काळात एब ओकपिक या इनुइट गृहस्थांनी गावोगाव फिरून लोकांना आडनावं नोंदवून दिली, तेव्हा ती मोडीत निघायला लागली. तोवर अनेक शिल्पकारांनी सही म्हणून तोच आकडा कोरला होता. एका माणसाचा एकच क्रमांक, त्यामुळे नाव शोधता येतं.

विनिपेगला २०२१ मध्ये कौमायुक हे इनुइट कलेचं केंद्र उघडलं. आत शिरताच तीन मजली काचेचं दालन लागतं आणि त्यातली जवळपास पाच हजार शिल्पं काचेबाहेरूनच दिसतात. मी तिथे वरचेवर जाते. अशा संग्रहालयांकडे आणि जुन्या दालनांकडे बिल्ल्यांच्या याद्या असतात. तळाचे फोटो काढा, प्रकाश एका बाजूने तिरपा पाडून, म्हणजे पुसट आकडेही उठून दिसतील. उंची आणि वजन लिहा, घेतल्याची पावती सापडली तर तीही जोडा. तेल किंवा पॉलिश लावू नका, कोरड्या मऊ ब्रशने धूळ काढली तरी पुरे. आकड्यांशेजारी त्रिकोण, वाकडे हूक अशी अक्षरं दिसली तर ती इनुइट लिपी आहे. त्यांचा फोटो मलाही पाठवा, अक्षरं लावून पाहते.